कुलपाची किल्ली कोणाकडे?
कार्यालयातील सुरक्षा समिती आणि आपली पेठ

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात वसमत तालुक्यात पावसाने कहर केला आणि कुरुंदा गाव पुराच्या पाण्याने वेढले गेले. पाणी घरांत शिरले, दुकानांतही शिरले. अशा वेळी पेठेत काय गोंधळ उडतो हे व्यापारी बांधवांना आम्ही सांगायला नको. पाणी उंबऱ्याला लागते तेव्हा मालक घरी असतो, नोकर दुकानात किंवा दोघेही आपापल्या घरी. विजेचा मेन स्विच कोणी बंद करायचा, उधारीच्या वह्या आणि संगणक कोणी उचलायचे, खालच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या घटकेला ठरवायला बसले तर पाणी थांबत नाही.

पुढे २०२४ साली याच हिंगोली जिल्ह्याने जमीन हादरलेली पाहिली. २१ मार्चच्या सकाळी काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, त्यांतला मोठा ४.५ तीव्रतेचा होता. १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि नांदेड, परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी तर कित्येक वर्षांच्या आहेत. ज्यांनी १९९३ ची किल्लारी पाहिली त्यांना या धक्क्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अल्लाहच्या कृपेने हे धक्के सकाळी लवकर बसले, तेव्हा पेठा उघडायच्या होत्या. दुपारी एक वाजता बसले असते तर मालाने छतापर्यंत भरलेल्या मांडण्या कोणाच्या डोक्यावर आल्या असत्या, याचा विचार ज्याने त्याने आपल्या दुकानात उभे राहून करावा.

हा सारा विषय काढण्याचे कारण असे की ‘सुरक्षा समिती’ म्हटले की आपल्या बांधवांना मोठमोठ्या चिमण्यांचे कारखाने आठवतात. आमचे तर टेबल-खुर्चीचे काम, आम्हाला समिती कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय, ट्रान्सपोर्टची कचेरी, हिशेबनीसाची खोली, ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र, अशी कार्यालये आता तालुक्याच्या गावांतच नव्हे तर कुरुंद्याएवढ्या गावांतही असतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. व्यापार वाढला की कागद वाढतो आणि कागद वाढला की कार्यालय वाढते. परंतु माणसे एकत्र बसवली की त्यांच्या जिवाची जबाबदारीही वाढते, हे मात्र हिशेबात धरले जात नाही.

कार्यालय म्हणजे सुरक्षित जागा ही समजूत २१ जून २०१२ रोजीच जळून जायला हवी होती. त्या दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि पाच जणांचा बळी गेला. तेथे ना रसायन होते ना बॉयलर. होते ते कागद, लाकडी कपाटे, भिंतींमधून गेलेल्या वायरी आणि कामासाठी आलेली माणसे. साऱ्या राज्याचा कारभार जेथून चालतो त्या कचेरीची ही अवस्था, तर आपल्या दहा बाय वीसच्या गाळ्याची काय कथा?

आता कायद्याकडे वळू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायुकांड झाले. त्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती नेमणे बंधनकारक ठरले. हजारो माणसे मेल्यावर सुचलेले शहाणपण होते, पण सुचले. आता तो जुना अधिनियम मागे पडला असून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या संहितेच्या २२ व्या कलमानुसार सरकार कोणत्याही आस्थापनेला किंवा आस्थापनांच्या वर्गाला अशी समिती नेमण्याचा आदेश देऊ शकते आणि समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. दंडक मोठ्या आस्थापनांसाठी आहे हे खरे. चौदा माणसांच्या कचेरीला समिती नाही म्हणून कोणी नोटीस पाठवणार नाही. पण नोटीस येणार नाही म्हणून धूरही येणार नाही, असे थोडेच आहे?

दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी एक समिती मात्र कायद्याने असावीच लागते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम अंतर्गत समिती सक्तीची करतो. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. आमच्या पाहण्यात अनेक ठिकाणी ही समिती केवळ भिंतीवरच्या कागदात आहे. आणि एक सावधगिरी. खर्च व बैठका वाचवण्यासाठी या समितीलाच सुरक्षा समितीचे काम देऊ नये. तेथे येणारी तक्रार गुप्त ठेवावी लागते, तर सुरक्षा समितीचे सारे काम चारचौघांत, नोंदवहीत, सर्वांना दिसेल असे व्हायला हवे. दोहोंची गल्लत केली तर दोन्ही बुडतात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे कुलूप.

९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका मोठ्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते. दार बाहेरून बंद होते. पाचही जण गेले. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला हातमोजे तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली, आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार मेले. त्यानंतर चारच महिन्यांत, ३ एप्रिल २०२४ रोजी, रमजानच्या दिवसांत, त्याच शहरातील छावणी भागात तळमजल्यावरचे शिलाईचे दुकान पेटले आणि वर राहणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबातील सात जण गुदमरून मरण पावले. त्यांत लहान मुले होती. आग कशाने लागली यावर बरीच चर्चा झाली, चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीचेही नाव घेतले गेले. पण ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की ज्वाळा वरच्या मजल्यावर पोहोचण्याआधी धूर पोहोचला. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कामगार होते, तसे खुद्द मालक आणि त्यांच्या घरातील माणसेही होती. अल्लाह सर्व मरहूमांची मगफिरत करो.

या चार घटना आम्ही मुद्दाम एका ओळीत मांडल्या. यांत कोठेही कार्यालयाचे नाव नाही असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या पेठेत कार्यालय, दुकान, गोदाम आणि राहते घर यांच्यामध्ये भिंत कोठे असते? पुढे काउंटर, मागे गोदाम, पोटमाळ्यावर कागदपत्रे, वर मालकाचे बिऱ्हाड आणि रात्री काउंटरखाली परगावचा एखादा पोऱ्या अंथरूण टाकून झोपलेला. चोरीच्या भीतीने शटर बाहेरून लावायचे आणि किल्ली मालकाने उशाशी ठेवायची ही रीत जुनी आहे. मालाची काळजी म्हणून ती पडली. पण मालाची काळजी घेणाऱ्या माणसालाच मालासारखे कोंडायचे, ही रीत आमच्या मते सरळसरळ जुलूम आहे. मालक दुष्ट असतो म्हणून हे घडते असे नव्हे. बहुतेक वेळा ‘यात धोका आहे’ असे त्याला सांगणारे कोणी नसते, आणि ज्याला धोका दिसतो तो नोकर सांगायला धजत नाही.

समितीचे खरे काम हेच. नोकराला जे दिसते ते मालकाच्या कानापर्यंत, नोकरी धोक्यात न घालता, पोहोचवण्याची ती वाट आहे. लाल सिलिंडर बाजारात मिळतो, ही वाट विकत मिळत नाही. आपल्या दीनमध्ये आपसांतील कामे मशवऱ्याने करण्यावर किती भर आहे हे वाचक जाणतातच. मशिदीच्या रंगरंगोटीसाठी आपण पाच-सात बैठका घेतो, परंतु रोज आठ-दहा तास जेथे घालवतो त्या जागेसाठी वर्षातून एकदाही बसत नाही. रात्री झोपताना दिवे विझवावेत, कारण उंदीर वात ओढून घराला आग लावू शकतो, अशी शिकवण सहीह बुखारीतील हदीसमध्ये आली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी उंदीर आणि वातीपर्यंतचा विचार झाला. आज आपण चालू एक्स्टेन्शन बोर्डवर कापडाचा तागा टाकून निर्धास्त घरी जातो.

समजा कुरुंद्यात चौदा माणसांचे एक कार्यालय आहे. समिती किती जणांची करावी? पाच पुरेत. मालकाच्या बाजूने दोन, त्यांतला एक असा हवा की ज्याला खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे. नाहीतर प्रत्येक ठराव ‘शेठना विचारून सांगतो’ या वाक्यावर अडकतो. कर्मचाऱ्यांच्या बाजूने तीन, आणि ते मालकाने नेमलेले नकोत, कर्मचाऱ्यांनी निवडलेले हवेत. या तिघांत शिपाई किंवा रखवालदार असावाच असा आमचा आग्रह आहे. कोणते दार अडकते, कोणता जिना खोक्यांनी भरला आहे, कोणत्या प्लगमधून ठिणगी उडते, हे व्यवस्थापकापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. महिला कर्मचारी असतील तर त्यांच्यातील एक असावी. बाहेरचा एक जाणकार वायरमन वर्षातून दोनदा बोलवावा. त्याला समितीत बसवायची गरज नाही, त्याची मजुरी मात्र द्यावी. ओळखीत फुकट पाहून घेतलेले काम फुकटाइतकेच चालते.

पहिल्या बैठकीत भाषणे नकोत. पाचही जणांनी उठून जागेची फेरी मारावी. बाहेर पडायच्या वाटा किती, आणि त्यांतील एक बंद झाली तर दुसरी कोणती? जिन्यावर काय ठेवले आहे? मुख्य स्विचपर्यंत अंधारात पोहोचता येते का, की त्याच्यासमोर फायलींचे कपाट उभे आहे? इन्व्हर्टरची बॅटरी बंद कोनाड्यात आहे काय? शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, तिला मोकळी हवा लागते. चहाची शेगडी आणि कागदांचा गठ्ठा यांत अंतर किती? खिडकीच्या गजांना आतून उघडणारी कडी आहे का? मांडण्या भिंतीला ठोकल्या आहेत की नुसत्या टेकवल्या आहेत? भूकंपाच्या पट्ट्यात हा प्रश्न क्षुल्लक नाही, चार खिळपट्ट्यांनी सुटणारा आहे.

कुरुंद्यासाठी एक गोष्ट आम्ही खास सुचवू. २०२२ चे पाणी भिंतीवर जेथपर्यंत चढले होते तेथे ठळक रंगाने रेघ ओढावी. विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर, संगणकाची पेटी, कर्जखात्यांच्या वह्या, मूळ कागदपत्रे, जे जे भिजून चालणार नाही ते त्या रेघेच्या वर. एवढी एक रेघ दहा सूचनाफलकांपेक्षा जास्त बोलते, आणि नवीन आलेल्या माणसालाही न सांगता समजते. पाणी येत आहे असे दिसताच मेन स्विच आधी बंद, मग बाकीची उचलाउचल. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावायचा नाही, मग आत लाखाचा माल असला तरी.

फेरीत सापडलेले सारे नोंदवहीत उतरवावे. चार रकाने पुरतात. काय सापडले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, झाले की नाही. ‘जिन्यावरचे खोके हलवणे, शिपाई, शनिवारपर्यंत’ अशी साधी नोंद. पुढच्या महिन्याच्या बैठकीत सुरुवात मागच्या ‘नाही’ पासून करावी. तीन महिने एकच गोष्ट ‘नाही’ राहिली तर मालकाने तिच्याखाली कारण लिहून सही करावी. सही करायची वेळ आली की निम्मी कामे आपोआप होतात, हा आपल्याकडचा स्वभाव आहे. किरकोळ खर्चासाठी समितीला एक रक्कम ठरवून द्यावी, जी खर्च करताना कोणाला विचारावे लागू नये. प्लग बदलण्यासाठी परवानगी मागावी लागली तर प्लग बदलला जात नाही.

आग विझवण्याच्या सिलिंडरबद्दल दोन शब्द. कागद, कापड, तेल आणि वीज या सर्वांवर चालणारा पावडरचा ‘एबीसी’ प्रकार आपल्या कार्यालयांना सोयीचा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे दर महिन्याला पाहावे. लहान सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतो. म्हणून फवारा ज्वाळेच्या टोकावर नव्हे, मुळाशी मारायचा, आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून उभे राहायचे. एकदा रिकामा करून सर्वांना दाखवावा. पुन्हा भरायला पैसे लागतात हे खरे, पण ज्याची खीळ कधी कोणी ओढलेलीच नाही तो सिलिंडर भिंतीची शोभा आहे. आग सिलिंडरच्या आवाक्याबाहेर गेली की माणसे बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचे आणि बाहेर डोकी मोजायची. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचे. गावात बंब नसतो, तो तालुक्याहून येतो. तोवरचा वेळ आपलाच. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक पाठ हवेत, सोबत वीज मंडळाच्या स्थानिक माणसाचाही.

मालक बांधवांचे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. ‘नोकर डोक्यावर बसतील’ हा पहिला. नव्या संहितेने तर कर्मचाऱ्याला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि जिवावरचा धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्कच दिला आहे. तो हक्क बाहेर तक्रार करून वापरला जाण्यापेक्षा आपल्याच टेबलावर वापरलेला बरा, हा व्यवहार झाला. दुसरा आक्षेप खर्चाचा. वरच्या फेरीत सापडणाऱ्या दोषांपैकी बहुतेक जागा बदलून, खोके हलवून, कुलूप बदलून मिटतात. तिसरा, ‘विमा आहे ना’. विम्याच्या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमाला विचारावे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांची अपघाती सुरक्षा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, तिची माहिती कर्मचाऱ्यांना द्यावी, निर्णय त्यांचा. पण कोणताही विमा बंद शटर आतून उघडून देत नाही.

राहिला प्रश्न दोन-तीन माणसांच्या दुकानांचा, आणि आपली बहुसंख्य दुकाने तशीच आहेत. गादीवाला मन्सुरी भाई, शेजारी वेल्डिंगचे दुकान, त्याला लागून शिलाईवाला, वर पतसंस्थेची कचेरी. कापूस, ठिणगी, कापड आणि कागद एका भिंतीला चिकटून. यांतील एकट्याने समिती करून उपयोग नाही, कारण एकाची ठिणगी दुसऱ्याच्या कापसात पडणार. अशा ठिकाणी एका ओळीची किंवा एका इमारतीची मिळून समिती करावी. तीत मालक आणि कारागीर दोन्ही असावेत, बिगरमुस्लिम शेजारी दुकानदार तर अवश्य असावेत. आग आणि पूर शेजार पाहून येत नाहीत. वेल्डिंग कोणत्या बाजूला तोंड करून चालावे, कापसाचे गठ्ठे कोठे रचावेत, मागची बोळ कोणी अडवली आहे, हे प्रश्न ग्रामपंचायतीकडे अर्ज करण्याआधी आपसांत बसून सुटू शकतात. नाही सुटले तर अर्जावर सहा दुकानदारांच्या सह्या असणे केव्हाही चांगले.

बैठकीचा दिवस ठरवताना कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळेतला ठरवावा. सुट्टीनंतर थांबवून घेतलेल्या बैठकीत प्रत्येकाचे लक्ष घड्याळाकडे असते. पहिली बैठक मृगाआधी, म्हणजे मेअखेरपर्यंत झाली तर पावसाळ्याची तयारी हाती लागते.

आणि त्या बैठकीत बाकी काही झाले नाही तरी कुलपाचा ठराव तेवढा करून उठावे. रात्री जेथे कोणी झोपते ते शटर किंवा दार बाहेरून लावायचे नाही, आतून उघडेल असेच कुलूप बसवायचे. किल्लीचे दोन संच करायचे. एक मालकाकडे राहील. दुसरा आत, दाराच्या उजव्या अंगाला, खिळ्यावर, झोपेतून उठलेल्या माणसाचा हात अंधारात सहज पोहोचेल इतक्या उंचीवर.